ज्याचा आक्षेप, त्याने आधी वाचावं

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं, मुलगा काय करतो. शाळेत आहे, मध्यस्थ म्हणाला. शिक्षक का? नाही, ग्रंथपाल. म्हणजे? म्हणजे शाळेची पुस्तकं सांभाळतो. सासरे जरा विचारात पडले आणि म्हणाले, "पुस्तकं काय चरायला जातात का?"

ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बारशाला, मुंजीला सांगितली जाते आणि सांगणारा बहुतेक मीच असतो. लोक हसतात, बायको मुकाट्याने ताटं मांडते. तिचं म्हणणं असं की सासऱ्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर मी अजून दिलेलं नाही. आता निवृत्ती दिसायला लागली आहे, तेव्हा एकदा प्रयत्न करून पाहतो.

लोणावळ्यातल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. मुलं गावातली, तशीच कुसगावची, कार्ल्याची, थेट लोहगडवाडीचीही. बाहेरच्यांना वाटतं की ग्रंथपालाचं काम म्हणजे मुलांना पुस्तकं देणं. खरं काम ती न देण्याचं असतं, निदान मला तसंच शिकवलं गेलं. कारण सोपं आहे. पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाला जाब विचारतात. पुस्तक वर्षानुवर्षं कुणी उघडलंच नाही, तर कुणी विचारत नाही. म्हणून आपल्याकडच्या शाळांतली पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपाआड असतात आणि मुलं बाहेरून बोट दाखवतात. मिठाईच्या दुकानात दाखवतात तसंच, फक्त इथे मिळण्याची खात्री कमी.

कुलपं मी हळूहळू काढली. माझ्या शौर्यामुळे नव्हे, किल्ल्या सापडेनाशा झाल्या म्हणून. पण एक कपाट राहिलं होतं. त्यावर पाटी होती, 'फक्त शिक्षकांसाठी'. आमच्या शाळेने एकाही पुस्तकावर कधी बंदी घातली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. बंदी घालायला बैठक घ्यावी लागते, कारण लिहावं लागतं, सही करावी लागते. त्यापेक्षा एखाद्या पुस्तकाबद्दल कुणी कुरकुरलं की ते त्या कपाटात जायचं. शिक्षक ते कपाट उघडत नसत, कारण शिक्षकांना पेपर तपासायचे असतात. पुस्तक जिवंत, नोंदीत हजर आणि कुणाच्याही हाती नाही. इतकी सभ्य बंदी जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही.

ते कपाट रिकामं झालं एका पालकांमुळे. गृहस्थ एका कार्यालयात नोकरीला, कपडे इस्त्रीचे, तक्रार तोंडपाठ. त्यांच्या मुलीने एक कादंबरी घरी नेली होती आणि त्यातली मुलगी बापाच्या मनाविरुद्ध घर सोडून शिकायला जाते. असली पुस्तकं शाळेत कशी, असा त्यांचा सवाल. मी विचारलं, तुम्ही वाचलं का? त्यांनी मधलं एक पान वाचलं होतं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो की आमच्याकडे नियम आहे, ज्याचा आक्षेप असेल त्याने आधी पुस्तक पूर्ण वाचायचं, इथेच बसून, मग तक्रार घेतो. असा काही नियम नव्हता. पण शाळेत ठणकावून सांगितलं की कुठलीही गोष्ट नियम होते.

गृहस्थ हट्टी निघाले. जेवणाच्या सुट्टीत यायचे, मुलांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसायचे, डबा शेजारी. वाचून संपल्यावर पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाले, पुस्तक अजिबात चांगलं नाही. थोडं थांबून खालच्या आवाजात विचारलं, याचा दुसरा भाग निघालाय का?

त्या दिवसापासून नियम पक्का झाला. आक्षेप घेणारे कमी झाले, कारण पूर्ण वाचणं फार कष्टाचं असतं. कपाटावरची पाटी मी काढली आणि मनातल्या मनात स्वतःला हार घातला. घरी हे सगळं रंगवून सांगितलं. आमची मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, बाबा, पुस्तकं लिहिणारे लांब असतात, त्यांच्यासाठी भांडणं सोपं आहे. पोरीच्या जिभेला हाड नाही, असं म्हणून मी विषय बदलला.

तिचं बरोबर होतं, हे कळायला गेलं वर्ष उजाडावं लागलं.

वाचनालयाच्या दाराशी आमचं भित्तिपत्रक आहे. काचेची मोठी चौकट, आत मुलांनी हाताने लिहिलेले लेख, कविता, चित्रं. दर महिन्याला विषय बदलतो आणि महिना संपला की जुने कागद उतरतात. चौकट भेट दिली ती शाळा समितीच्या एका सदस्यांनी. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणतात. माणूस दानशूर. वर्गांतले पंखे त्यांचे, पाण्याची टाकी त्यांची, आणि प्रत्येक वस्तूवर 'सौजन्य' लिहून खाली त्यांचं नाव. चौकटीखालीही तसंच, लाल रंगात. कुसगावला त्यांचा बंगला आहे. पोहण्याचा तलाव, हिरवळ, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देतात.

भित्तिपत्रकाला मी विषय दिला, 'शनिवार-रविवार'. माझ्या डोळ्यांसमोर मुलांच्या सहली, मामाचं गाव, क्रिकेट असं काहीबाही होतं. आयुष्यभर लोणावळ्यात राहून मला एवढं कळू नये, की इथे शनिवार-रविवार इतरांची सुट्टी असते आणि आपल्या अर्ध्या पोरांचा कामाचा दिवस. लोहगडवाडीच्या एकाने लिहिलं की तो गडावर जाणाऱ्यांना लिंबू-सरबत विकतो आणि लोक विचारतात, शाळेत जातोस का. एकीने मक्याची कणसं भाजताना धूर नेमका आपल्याच तोंडावर कसा येतो ते लिहिलं. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मी हे कौतुकाने दाखवलं. त्या म्हणाल्या, छान, पण एखादी निसर्गावर कविता नाही का आली?

मग प्रज्ञाचा लेख आला. नववीतली मुलगी, कमी बोलणारी. वडील सुदामभाऊ, अण्णासाहेबांच्या त्याच बंगल्यावर राखणदार. बंगल्याच्या मागच्या खोलीत कुटुंब राहायचं. लेख असा होता:

'शनिवार-रविवार लोक लोणावळ्याला येतात. तेव्हा आम्ही आमच्या घरातून निघतो. आमचं घर म्हणजे बंगल्याच्या मागची खोली. पाहुण्यांचे ड्रायव्हर तिथे झोपतात. आई अंथरुणं बांधून माळ्यावर टाकते आणि बुद्धमूर्ती पिशवीत घालून सोबत घेते. आम्ही कार्ल्याला मावशीकडे जातो. पाहुण्यांना वाटतं की बाबा एकटेच असतात. बाबांना तसंच सांगायला सांगितलं आहे. म्हणून शनिवार-रविवार मला बाबा नसतात आणि बाबांना मी नसते. सोमवारी परत आलो की उशीला अनोळखी तेलाचा वास येतो. आई उशी उन्हात घालते, मी शाळेत येते.'

कुणाचं नाव नव्हतं, कुणाला दोष नव्हता. मी तो मधोमध लावला. म्हणजे लाल अक्षरांच्या बरोबर वर. हेतू काही नव्हता, जागा तेवढीच होती. पण वर वाचावं आणि नजर खाली घसरावी, अशी ती मांडणी झाली. मुलांनी ते लगेच पाहिलं. कुणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर फिरत होता.

अण्णासाहेब दुसऱ्याच दिवशी आले, सोबत मोठ्या बाई, चेहरा परीक्षा बोर्डाचं पथक आल्यासारखा. अण्णासाहेबांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, तो कागद काढून टाका. मी नियम सांगितला. मोठ्या बाई डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणत होत्या. पण मी चौकट उघडून कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते बाकावर बसले. चष्मा लावला. एवढा एक पानाचा मजकूर, पण त्यांनी तो सावकाश वाचला आणि मग परत पहिल्यापासून वाचला.

"यात खोटं काय आहे, सर?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, मला तरी काही दिसत नाही.

"तेच म्हणतोय मी. खोटं असतं तर म्हणालो असतो, राहू द्या. पोरीने काहीतरी रचलंय म्हणून लोक हसले असते. खरं आहे म्हणून काढा."

इतक्या वर्षांत सेन्सॉरशिपची इतकी प्रामाणिक व्याख्या मी ऐकलेली नव्हती. मला त्यांचा रागही धड येईना. मी म्हणालो, तुम्ही शेजारी तुमची बाजू लिहा, तीही लावतो. ते उठले. मी काय नववीत आहे का, एवढंच बोलले आणि गेले.

मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. त्या वाईट नाहीत. शाळा चालवतात आणि पंखे चालू ठेवतात. त्यांनी मधला मार्ग काढला, लेख शिक्षकांच्या खोलीत लावू. तिथे सगळे वाचतील, कौतुकही होईल. माझं जुनं कपाट असं परत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी म्हणालो, काढायचा की नाही हे लिहिणारीला विचारू. बाई म्हणाल्या, नववीतल्या मुलीला विचारायचं? मी म्हणालो, लिहायला तर नववीतल्या मुलीलाच सांगितलं होतं. हे उत्तर मला घरी जाताना सुचलं असतं तर नेहमीसारखं झालं असतं. त्या दिवशी वेळेवर सुचलं, हीच त्यातली अडचण. लेख पुन्हा काचेत गेला.

प्रज्ञाला बोलावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबांना विचारते. शनिवार-रविवार मध्ये आल्यामुळे सुदामभाऊ थेट सोमवारी दुपारी आले. तोपर्यंत मी दोन घास सुखाने खाल्ले नाहीत. एकीकडे वाटायचं, लेख राहिला पाहिजे. दुसरीकडे दिसायचं की लेख राहिल्याने माझं काहीच जाणार नाही. फार तर पगारवाढीचं काम थोडं अडेल, अण्णासाहेब नमस्काराला मान हलवणार नाहीत. खोली जाणार होती ती यांची. माझ्या मुलीचं ते वाक्य आठवायचं आणि ताटातला भात गार व्हायचा.

सुदामभाऊ चपला दाराबाहेर काढून आत आले. मी म्हणालो, अहो, चपला घालून या. ते म्हणाले, पुस्तकं हायत न्हवं हितं. मग काचेसमोर उभे राहून, ओठ हलवत, लेख वाचायला लागले. शेजारी प्रज्ञा. ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते, बापाशी घरातलं. वाचून झाल्यावर सुदामभाऊ माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हात जोडतील आणि म्हणतील, काढा, सर. तसं म्हणाले असते तर मी त्या क्षणी काढला असता, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं असतं.

"हिनं खोटं लिवलं असतं तर कानाखाली दिली असती, सर," ते म्हणाले. "खरं लिवलंय, तर काय देऊ?"

मी त्यांना सगळं सरळ सांगितलं. लेख राहिला तर खोली जाऊ शकते, काम जाऊ शकतं. माझ्या हातात त्यातलं काही नाही. नाव काढून नुसता लेख ठेवता येईल, हेही सांगितलं.

"नाव नगा काढू. नाव काढलं की लोकं म्हंत्याल, घाबारलं." मग ते पोरीकडे वळले. "तुला ठावं हाय न्हवं, खोली जाईल?"

"व्हय."

"आयेला इचारलं?"

"ती म्हनली, उशा धुऊन धुऊन कटाळा आलाय."

सुदामभाऊ हसले. इतक्या ताणात ते हसतील असं मला वाटलं नव्हतं. मग म्हणाले, ऱ्हाऊ द्या, सर. आणि चपला घालून कामावर गेले, कारण पाहुणे गेल्यावर सोमवारी बंगला धुवायचा असतो.

लेख महिनाभर राहिला. मुलं येता-जाता वाचायची. पाचवीतली पोरं अडखळत मोठ्याने वाचायची आणि शेवटच्या वाक्याला आपोआप हळू व्हायची. आणखी काही मुलांनी लिहून आणलं. दोघांनी लिहून आणलं आणि मग परत नेलं, घरी नको म्हणाले. तेही मी नीट पाहिलं. बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय ते मला त्या दोघांनी जास्त शिकवलं. कुणीही त्यांना अडवलं नव्हतं.

अण्णासाहेबांनी सुदामभाऊंना काढलं नाही. तसं ते कधी करत नाहीत. बंगल्याच्या मॅनेजरने येऊन सांगितलं की मागची खोली आता आठवडाभर लागणार, नोकरवर्ग वाढतोय, कुटुंबाची सोय दुसरीकडे बघा, काम आहेच. सुदामभाऊंनी कामही सोडलं. समितीतही एक ठराव मांडला गेला: यापुढे भित्तिपत्रकावरचं प्रत्येक लिखाण समितीने आधी पाहावं. ठरावावर चर्चा व्हायची आहे. बैठकीला पुरेसे सदस्य जमत नाहीत म्हणून ती पुढे पुढे जाते आहे. आळसाचे देशावर किती उपकार आहेत, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

घरी मुलीने विचारलं, तुमची नोकरी गेली का? मी म्हणालो, नाही. तिने पुढे काही विचारलं नाही. हल्ली ती शहाणी झाली आहे.

पावसाळा सरताना एका रविवारी बायको म्हणाली, सारखे सुस्कारे टाकण्यापेक्षा जाऊन या. मग म्हणाली, मीही येते, तुम्ही एकटे गेलात तर दारातूनच क्षमा मागून परत याल. स्कूटरवर आम्ही कार्ल्याला गेलो. भाताला लोंब्या आल्या होत्या, रस्त्याकडेला गाड्यांची रांग. मावशीच्या घराला लागून एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. पत्र्याचं छप्पर, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण. सुदामभाऊ घरी नव्हते. हायवेवरच्या एका हॉटेलात लागले होते आणि रविवारी तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते.

प्रज्ञाच्या आईने चहा केला. मी बऱ्याच प्रस्तावनेनंतर म्हणालो, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. ती बाई बायकोकडे पाहून म्हणाली, "सर लय मनाला लावून घेत्यात, व्हय?" बायको म्हणाली, ते आणि त्यांचं मन, दोघांनाही मीच सांभाळते. दोघी हसल्या. मग आई म्हणाली, लेख तिनं लिवला, खोली त्यांनी घेतली, यात तुमी कुटं आला? हा प्रश्न मला लागला आणि हलकंही वाटलं. माझ्या पश्चात्तापालासुद्धा एवढं मोठं स्थान नव्हतं.

प्रज्ञाचा कागद मी सोबत नेला होता. महिना संपल्यावर उतरवलेला, जपून ठेवलेला. मला वाटलं होतं, ती तो पाहून खूश होईल. तिने वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर, हे आता चालणार नाही."

मी विचारलं, का?

"यात आता बरंच खोटं आहे. आता घर सोडावं लागत नाही. उशीला वास येत नाही." तिने बोट एका ओळीवर ठेवलं. "पण रविवारी बाबा नसतात, ते अजून खरं आहे. त्यामुळे नुसतं खोडून भागणार नाही. सगळं परत लिहावं लागेल."

लोक शाळेत 'लिहिण्याची आवड' लावण्यासाठी शिबिरं घेतात. लिहिलेलं आता खरं राहिलं नाही म्हणून हळहळणारी, स्वतःच्याच लेखावर आक्षेप घेणारी, आणि तो घेण्यापूर्वी पूर्ण वाचणारी अशी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

"त्या समितीचा ठराव झाला का, सर?" तिने विचारलं.

मी म्हणालो, अजून नाही.

"मग उद्याच आणते," ती म्हणाली, आणि वही उघडून मधलं जोडपान काढायला लागली.